बाबांनी पाहिलंय

"पूस. परत काढ."

हा आवाज आता चाळीस वर्षांचा झाला. माणसं म्हातारी होतात तसे आवाज होत नाहीत. ते कानाच्या आतल्या कोनाड्यात बसून राहतात आणि नको असतात नेमके त्या दिवशी बोलतात. हा आवाज माझ्या वडिलांचा. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि मी अकरा वर्षांचा होतो. बाबांना तीन दिवस ताप होता. पाटी झाली का म्हणून शिंपी रोज दारात येऊन खोकत होता. म्हणून मी कुणाला न विचारता ब्रश उचलला आणि शिंप्याच्या पाटीवर त्याचं नाव एकट्याने रंगवलं. निळ्या रंगात. चौथ्या दिवशी बाबा अंगाभोवती पांघरूण गुंडाळून दाराशी आले, पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पूस. परत काढ."

मी रॉकेलची चिंधी हातात घेतली, पण हात काही वर उचलेना.

"राहू दे," बाबा म्हणाले. "जा तू. मी बघतो."

मी गेलो. संध्याकाळी पाटी दुकानावर चढली. त्यानंतर शाळेला जाताना मी लांबचा रस्ता धरला, आणि त्या दुकानासमोरून जाणं चुकलंच नाही तर मान खाली घालून गेलो. बाबांनी पुसून पुन्हा काढलेली आपली पाटी बघायची, म्हणजे आपण नापास झाल्यावर शेजारच्या मुलाचं प्रगतिपुस्तक वाचायचं. तेवढा मोठेपणा माझ्यात तेव्हा नव्हता, आताही नाही.

बाबांकडे शेरे दोनच. 'पूस' आणि 'चालेल'. 'चालेल' म्हणजे सर्वोच्च किताब. लग्नाआधी मी हिला घरी आणलं तेव्हा बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "चालेल." त्याला पंचवीस वर्षं झाली, पण भांडण रंगात आलं की ही अजून तो शब्द काढते. "या घरात मी नुसती चालले हो! आवडले कुणालाच नाही." मी तिला समजावतो, की बाई गं, तुला पहिल्या फटक्यात चालेल मिळालं, मला पंचविशी उलटेपर्यंत वाट बघावी लागली. त्याने भांडण मिटत नाही, पण निदान विषय माझ्या दुःखाकडे वळतो.

आई होती तोवर ती या दोन शेऱ्यांच्या मधली जागा भरून काढायची. कामाच्या तालावर ती ओळी जुळवायची. कुणी ऐकतंय का हे न बघता, जात्यातून पीठ पडावं तशा तिच्या तोंडून त्या पडायच्या.

पाटीवर लोकांचं नाव, बोटावर राहिला रंग,
उजेड सरला तरी, रेघ सोडेना गं संग.

बाबा हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण त्यांचा ब्रश तिच्या चालीवर चालायचा, हे मी पाहिलेलं आहे.

पुढे छापील पाट्या आल्या. बाबांना चार दिवस लागायचे ते काम यंत्र तासाभरात करू लागलं. बाबांनी ब्रश धुतले, पुसले आणि एका पेल्यात उभे करून ठेवले. बसा म्हणायचं राहून गेलेल्या पाहुण्यांसारखे ते अजून उभेच आहेत. मी संगणक शिकलो आणि लोकांची संकेतस्थळं करायला लागलो. शेवटी तीही पाटीच. भिंत तेवढी काचेची. बाहेरच्या खोलीत दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, मी आणि बायको. चित्र, रंग, अक्षरं मी बघतो. ती पानं चालती करते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. कारण मी बोललो की गिऱ्हाईक जातं, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या धंद्याची रीत एकच. बाबांनी पाहिल्याशिवाय एकही पान घराबाहेर जात नाही. पान तयार झालं की संगणक बाबांसमोर ठेवायचा आणि आपण मागे हात बांधून उभं राहायचं. पंधरा वर्षं हेच चाललंय. गिऱ्हाइकांनाही ते इतकं अंगवळणी पडलं की फोनवर ते आधी विचारायचे, "बाबांनी पाहिलंय का?" पाहिलंय म्हटलं की पुढची शंका संपली. आमच्याकडे एवढाच शिक्का होता आणि तो कुठल्याही छापखान्यात मिळत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एक आक्रीत घडलं. मी एका रोपवाटिकेचं पान बाबांपुढे ठेवलं. बाबांनी मान थोडी तिरकी केली, पाहिलं आणि म्हणाले, "झकास."

मी मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तिथून पुढे ओघ लागला. 'सुरेख', 'मोकळं आहे', एकदा तर 'वा' सुद्धा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला वडील नव्याने मिळाले. शिवाय त्यांनी एक नवा सिद्धांतही काढला. "आधी वाचून दाखव," ते म्हणायचे. "अक्षर कानाला कसं लागतं ते बघू दे." मी भारावून गेलो. हा सिद्धांत मी चार गिऱ्हाइकांना ऐकवला, एका सभेत मांडला. अक्षर डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासायचं असतं! सभेत दोघांनी ते लिहूनही घेतलं. आज त्या दोघांचा पत्ता मिळाला तर मी क्षमा मागायला जाईन.

अशा सुखाच्या काळात माणसाला सुधारणा सुचते. सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचं काम आमच्याकडे आलं. धंद्याच्या मानाने मोठं काम. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यातलं सगळं एकदा कुठेतरी लिहून काढा. निम्मं काम शोधण्यात जातं." वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर फर्मानच काढलं. हे काका म्हणजे निवृत्त मुख्य कारकून. जिन्यात कचरा दिसला तरी आधी विषय, मग संदर्भ सांगून बोलतात, म्हणून सगळे त्यांना परिपत्रककाका म्हणतात.

"व्यवस्था नाही तुमच्याकडे," परिपत्रककाका म्हणाले. "कामाला टप्पे हवेत. टप्प्याला जबाबदार माणूस हवा. आणि माणसाला स्मरणपत्र हवं. आणि हो, दुसरा मुद्दा. तुमचे वडील जिन्यात भेटले की माझ्या कानाकडे बघून बोलतात. माझ्या कानात काय आहे?"

"काही नाही, काका."

"मग डोळ्यात बघून बोलावं माणसाने. एकदा तर ओळखच दिली नाही. मुलाचा धंदा चालला की वडिलांची मान अशी फिरते."

मला, खरं सांगतो, बरं वाटलं. माझ्या धंद्यामुळे कुणाची तरी मान फिरली.

तर मी संगणकावरची साधनं आणायला सुरुवात केली. पहिलं साधन म्हणजे कामांचा फळा. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. ती 'करायचं' मधून 'चालू आहे' मध्ये आणि तिथून 'झालं' मध्ये सरकवायची. मुदत उलटली की चिठ्ठी लाल होते. मी वाचनालयाच्या पन्नास चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर बायकोने माझ्या नावावर आणखी नऊ लावलेल्या. नळाचा वॉशर बदलणे. कपाटाचं दार बसवणे. बाबांचा चष्मा तपासून आणणे. गच्चीच्या चाव्या परत करणे.

"अगं, हा धंद्याचा फळा आहे!"

"मग घर काय, हौसेचं आहे?" ती म्हणाली. "तोंडी सांगितलेलं तुमच्या एका कानाने आत जातं आणि वाटेत बसायलाही थांबत नाही. इथे निदान लाल तरी होतं."

ते लाल झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाइकालाही फळा दिसावा, अशी एक सोय त्या साधनात होती आणि मी ती उत्साहाने सुरू करून बसलो होतो. पंधरा दिवसांनी वाचनालयाच्या चिटणिसांचा फोन आला. चिटणीस हळू आवाजात, पुस्तकांच्या कपाटांमधून चालल्यासारखे बोलत. "नमस्कार. तुमचा वॉशर झाला का?"

"कुठला?"

"नळाचा. बारा दिवस लाल आहे. सहज विचारलं. नळाला बारा दिवस, तर आमचं पान कधी, असा आपला विचार आला मनात."

दुसरं साधन वेळ मोजायचं. कुठल्या कामाला किती वेळ गेला याचा रोज पाढा वाचायचं. पहिल्याच दिवशी त्याने जाहीर केलं की एक निळा रंग निवडायला मला तीन तास दहा मिनिटं लागली. "चुकलंय ते यंत्र," मी म्हणालो. "हो ना," बायको म्हणाली. "मला पाच वाटले होते."

तिसरं साधन गिऱ्हाइकांच्या पत्रांना आपोआप उत्तर द्यायचं. एका जुन्या गिऱ्हाइकाने कळवलं, की आमचे भागीदार काल गेले, काम थोडे दिवस थांबवा. साधनाने तत्काळ उत्तर दिलं, "वा! आपला संदेश मिळून आनंद झाला. लवकरच पुढचं पाऊल उचलू या!" मी स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी पाणी दिलं. परत येऊन मी ते साधन बंद करायला गेलो, तर त्याने विचारलं, "आम्हाला सोडून जाण्याचं कारण?" खाली सहा पर्याय होते. त्यात 'लाज वाटते' हा नव्हता.

इतकं झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी मंजुरीचं साधन आणलं.

त्याचं काम असं. पान तयार झालं की ते तपासणाऱ्याकडे आपोआप जातं आणि त्याच्या संगणकावर टिंग असा आवाज होतो. तपासणारा पान बघतो आणि खाली उजव्या कोपऱ्यातलं मोठं हिरवं बटण दाबतो. दाबलं की पान आपोआप जगासमोर जातं. मध्ये कुणी नको, निरोप नको, मागे हात बांधून उभं राहणं नको. बाबांना मी बटण कुठे आहे ते बोट धरून दाखवलं.

"आता तू उभा राहणार नाहीस मागे?" बाबांनी विचारलं.

"गरजच नाही बाबा. सगळं आपोआप."

"वाचून कोण दाखवणार?"

"तुम्ही तुमच्या सवडीने वाचा की. घाई नाही."

बाबा थोडा वेळ त्या काचेवरून हात फिरवत राहिले. पाटीवरून हात फिरवून, रंग वाळला की नाही हे बघायची त्यांची जुनी सवय. काचेला काय कळणार. "बरं," ते म्हणाले.

या साधनाची एक खोड मला नंतर कळली. आठवड्याच्या शेवटी ते तपासणाऱ्याचाच अहवाल काढतं. मी तो हौसेने उघडला. तपासणाऱ्याने एका पानाकडे सरासरी किती वेळ पाहिलं? चार सेकंद. पान खाली सरकवलं? नाही. एकदाही नाही.

चार सेकंद! माझी तीन तास दहा मिनिटांची निळाई आणि चार सेकंद. जिन्यात पाय घसरायलाही याहून जास्त वेळ लागतो. माझी सगळी झकास आणि सुरेख एकेक करून डोळ्यांसमोरून गेली. म्हणजे हे कौतुक नव्हतं तर. ही टाळाटाळ होती. म्हाताऱ्याला कंटाळा आलाय माझ्या कामाचा, आणि 'पूस' म्हणायचेही कष्ट नकोत म्हणून 'झकास' म्हणतोय.

मी बाबांशी बोललो नाही. घरातली पद्धतच तशी, लागलं की गप्प बसायचं. मात्र परिपत्रककाकांकडे मन मोकळं केलं, आणि तीच चूक झाली.

"स्मरणपत्र," काका म्हणाले. "दर तासाला एक. पूर्ण न वाचता सही करणाऱ्यांना मी आयुष्यभर असंच वठणीवर आणलं."

साधनात ती सोयही होती. नाही अशी सोयच त्यात नव्हती. मी कळ फिरवली. तिथून बाबांच्या संगणकावर दर तासाला टिंग व्हायचं आणि अक्षरं यायची, "आपण पान पूर्ण पाहिलेलं नाही. कृपया पुन्हा पाहा." आतल्या खोलीतून दिवसभर ते टिंग ऐकू यायचं. दर वेळी बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा. मग काहीच नाही.

पुढच्या आठवड्याचा अहवाल आला. अठरा मिनिटं! मी तो कागदावर छापून काकांना दाखवला. काकांनी त्यावर 'समाधानकारक' असं लिहून दिलं. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. पान खाली सरकवलं? नाही. ती ओळ आम्ही दोघांनीही वाचली नाही. अठरा मिनिटं माझे वडील एकाच जागी, न हलणाऱ्या पानासमोर, परीक्षेला बसल्यासारखे बसून होते, हे त्या ओळीत लिहिलेलं होतं.

इकडे वाचनालयाने एक अर्ज पाठवला. तीन प्रती, सात कलमं. प्रत्येक पान कागदावर छापून त्यावर तपासणाऱ्याची सही हवी. संकेतस्थळ कागदावर कशाला, असं मी विचारलं. चिटणीस म्हणाले, "कागद कपाटात ठेवता येतो. संकेतस्थळ कुठे ठेवू?" कलम पाच असं होतं, 'क्षीण दृष्टीच्या वाचकांस पान कसे दिसते, याची खात्री केली आहे काय?' त्यासाठीही एक साधन असतं. ते पानावर चालवलं की अधू डोळ्यांना पान कसं दिसेल ते आपल्याला दिसतं. घाईत होतो. 'होय' वर खूण केली आणि पुढे गेलो.

कागदांवर सह्या करायला बाबांना बसवलं. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने दोरी न ताणता बारा फूट सरळ ओळ काढली, त्यांची सही कागदाच्या मध्यावर सुरू झाली, उतरत गेली आणि कडेवरून टेबलावर गेली. शेवटची दोन अक्षरं टेबलावर.

"कागद लहान घेतोस तू," बाबा म्हणाले.

मी हसलो. बायको हसली नाही. ती टेबलावरची ती दोन अक्षरं बघत उभी राहिली आणि मग तिने ती पुसली नाही, एवढं मला आठवतं.

उद्घाटनाचा दिवस आला. आदल्या दुपारी मी वाचनालयाचं पहिलं पान मंजुरीला पाठवलं. पाठवताना माझा हात चुकला. मी दुसऱ्याच कामासाठी उघडलेला रिकामा साचा, ज्यात अजून काहीच भरलेलं नव्हतं, तो वाचनालयाचं पान म्हणून बाबांकडे गेला. आत टिंग झालं. थोड्या वेळाने हिरवं बटण दाबल्याची खबर आली. मी निश्चिंत झालो. बाबांनी पाहिलंय.

वाचनालयाच्या सभागृहात भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. शंभरेक माणसं होती. प्रमुख पाहुण्या म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. समोर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने आणि स्पष्ट वाचायचं, असं व्रत असलेल्या. त्यांनी कळ दाबली. पडदा उजळला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"इथे — तुमच्या संस्थेचे — नाव लिहा."

बाई थांबल्या नाहीत. "इथे दोन ओळींत स्वतःची ओळख करून द्या. इथे एखादे छान वाक्य टाका." पानाच्या मध्यावर चित्रातली एक अनोळखी बाई हातात सफरचंद घेऊन हसत होती. मागच्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि संकोचून थांबवल्या. चिटणीस माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. कुणाच्या घरात दुःखद घटना घडल्यावर बघतात तसे.

घरी पोचलो तो थेट आतल्या खोलीत. बाबा खिडकीशी बसले होते.

"बाबा, काल वाचनालयाचं पान पाहिलंत?"

"पाहिलं की."

"कसं होतं?"

"मोकळं होतं. सुरेख."

"नाव नव्हतं त्यावर!" माझा आवाज इतका चढला की पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. "पाटीवर नावच नव्हतं, बाबा! सगळं आयुष्य नावं रंगवलीत तुम्ही, आणि नाव नसलेली पाटी पास केलीत? आधी चार सेकंद, आणि आता हे? इतका कंटाळा आलाय माझा?"

बाबांचे हात मांडीवर होते. ते एकदम लहान दिसले.

"नाव नव्हतं?" ते म्हणाले. एवढंच. मग उठले आणि भिंतीला हात लावत, आपल्याच घरात भिंतीला हात लावत, पलीकडच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणिसांचा फोन आला. मी माफीची सहा वाक्यं तयार ठेवली होती. त्यांनी एकही घेतलं नाही. "पान दुरुस्त करा, झालं. माणसं विसरतात," ते म्हणाले. "कलम पाच मात्र या वेळी खरोखर तपासा. आमच्याकडे बरेच वाचक वयस्कर आहेत. त्यांना विचारलं तर ते सांगत नाहीत. नुसतं पुस्तक उघडं ठेवून बसतात." मग ते थोडं घुटमळले. "आणि एक. तुमच्या फळ्यावर ती चष्म्याची चिठ्ठी... त्रेसष्ट दिवस लाल आहे हो. वॉशरचं मी विचारलं होतं. हे विचारायचा धीर झाला नाही."

मी फोन ठेवला. कलम पाचचं साधन सुरू केलं आणि वाचनालयाचं खरं पान त्यात घातलं. साधनाने दृष्टीचे चार-पाच दोष दाखवले. म्हातारपणी येणाऱ्या एका दोषावर मी बोट ठेवलं.

पानाच्या मधोमध एक करडा डाग आला. त्याच्या कडेला ओळी वितळल्यासारख्या वाकल्या होत्या. वाचनालयाचं नाव त्या डागात गेलं. माझी निळाई गेली. शब्द, चित्र, सगळं गेलं. उरल्या फक्त कडा. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, स्वच्छ, ठसठशीत, एक हिरवं बटण.

मी मान थोडी तिरकी करून पाहिलं. डागाच्या बाजूने थोडंसं काही दिसतं का ते. बाबा दोन वर्षं असंच बघत होते. परिपत्रककाकांच्या कानाकडे बघत होते, कारण कानाकडे बघितलं की तोंड थोडं तरी दिसतं. 'वाचून दाखव' म्हणत होते. मी दर तासाला त्यांना एक टिंग पाठवत होतो.

बायको केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. "उद्या दहाची वेळ घेतली आहे डोळ्यांच्या डॉक्टरांची," ती म्हणाली. "मी विचारलं होतं त्यांना दोनदा. म्हणाले, छान दिसतं, तुझा नवरा काय छान काम करतो आता. काय बोलणार पुढे?" तिने हात लांब करून फळ्यावरची ती चिठ्ठी 'चालू आहे' मध्ये सरकवली.

मी बाबांच्या खोलीत गेलो. ते खिडकीशी बसले होते, शेजारी ब्रशांचा पेला. मी मागे उभा राहिलो. हात बांधून, जुन्या सवयीने.

"आलास?" बाबा म्हणाले. पावलांवरून ओळखलं असणार.

"किती दिवस झाले, बाबा?"

त्यांनी 'कशाला' असं विचारलं नाही.

"दोन वर्षं. आधी ओळी वाकड्या दिसायला लागल्या. मला वाटलं, तूच वाकड्या काढतोयस." ते जरासे हसले. "पूस म्हणणार होतो. मग एक दिवस खिडकीचे गजही वाकडे दिसले. तेव्हा कळलं, पोराची चूक नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू दाखवायला आला असतास?"

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं.

"म्हणजे ते झकास, सुरेख..." पन्नास वर्षांच्या माणसाने असं विचारू नये, पण मी विचारलं. "सगळं न बघताच?"

"पूस म्हणायला दिसावं लागतं रे," बाबा म्हणाले. "दिसत नसताना दुसऱ्याचं काम कसं पुसायचं?"

"आणि दिसत होतं तेव्हा? तेव्हा 'चालेल'च्या पुढे एकदाही नाही, बाबा. एकदाही."

त्यांचा हात पेल्याकडे गेला, त्यांनी एक ब्रश उचलला. त्याचे केस कधीच वाळून दगड झाले होते. त्यावरून ते अंगठा फिरवत राहिले.

"शिंप्याची पाटी तू दुकानावर कधी बघितलीस?"

"नाही."

"वाटलंच मला. लांबच्या रस्त्याने जायचास." अंगठा फिरतच होता. "तू गेल्यावर मी चिंधी घेतली. पण हात उचलेना माझाही. एक वेलांटी जरा लांब गेली होती. शेवटचं अक्षर कडेला दाटलं होतं, जागेचा अंदाज चुकला होता तुझा. निळा मात्र बरोबर होता. तशीच नेली, तशीच टांगली. सतरा वर्षं होती तिथे. तुझी आई म्हणायची, सांगा त्याला. मी म्हणायचो, सांगू, सांगू."

त्यांनी मान तिरकी केली आणि माझ्या कानाकडे पाहिलं.

"मी नाही पुसली ती," बाबा म्हणाले. "चांगली होती. चांगली होती रे."